‘खंड’ पडलेल्यांची रांग

पदवीचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेली व्यक्ती काही वर्षांनी महाविद्यालयात परतते तेव्हा तिच्याकडून जे कागद मागितले जातात, त्यांपैकी एका कागदाविषयी आम्हांला प्रथम लिहायचे आहे. कचेरीच्या बोलीत त्याला ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. मराठीत लिहायची वेळ आली की ‘शिक्षणातील खंडाबाबतचे प्रतिज्ञापत्र’. आम्ही मराठीचे अध्यापक. शब्द दिसला की त्याला उलटासुलटा करून पाहण्याची खोड जात नाही. खंड म्हणजे ग्रंथाचा भाग. खंड म्हणजे भूमीचा विस्तार. कुळाने जमीनमालकाला द्यायचा मोबदला, तोही खंडच. या तिन्ही अर्थांत खंड ही काहीतरी असलेली, मोजता येणारी, चांगली भरीव गोष्ट आहे. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र या शब्दाला एकच अर्थ उरतो : काहीही नसणे.

या प्रतिज्ञापत्राचा मसुदा तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांकडे तयार असतो. जागोजागी शब्द थोडे बदलतात, सांगाडा तोच. अमुक परीक्षा अमुक साली उत्तीर्ण झाल्यानंतर मी शिक्षण घेतलेले नाही. या काळात अन्य कोठेही प्रवेश घेतला नव्हता. मी घरीच होतो अथवा होते. माझ्या हातून कोणतेही गैरकृत्य घडलेले नाही. वरील मजकूर खोटा आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन. साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना निवेदक ओळखायला शिकवतो. या मसुद्यातला निवेदक कोण आहे? तो आरोपी आहे. त्याच्यावर अजून कोणी आरोप ठेवलेला नाही, तरी तो खुलासा करू लागला आहे. बारावीनंतर एकदोन वर्षे मागे राहिलेल्या मुलाने दुसरीकडे नाव घालून शिष्यवृत्ती उचलली नाही ना, एवढी खातरजमा करण्यापुरता या मसुद्याला काही अर्थ असेलही. पण तोच मसुदा पंचेचाळिशीच्या माणसापुढे सरकवला जातो तेव्हा त्याच्या अर्ध्या आयुष्याला दोन ओळींत ‘घरीच होतो’ असे म्हणवून घेतले जाते, आणि तेही शपथेवर.

गेल्या जूनमधली गोष्ट. आम्ही तिघेही त्या दिवशी प्रवेश समितीच्या टेबलावर होतो. महाविद्यालय तालुक्याच्या गावचे, त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत हेच घडले असते. मुलामुलींच्या रांगेत एक बाई उभ्या होत्या. मुलीच्या प्रवेशासाठी आल्या असाव्यात असे आम्हांला वाटले, आणि तसे आम्ही विचारलेही. त्या स्वतःसाठी आल्या होत्या. याच महाविद्यालयातून त्या २००१ साली एस.वाय.बी.ए. उत्तीर्ण झालेल्या, विशेष विषय मराठी. त्या उन्हाळ्यात लग्न झाले आणि टी.वाय. राहिले. पुढे गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली, ती मिळाली. आता पर्यवेक्षिका व्हायचे तर पदवी हवी. शिवाय (हे त्यांनी जरा संकोचत सांगितले) ‘राहिलेलं पुरं करावं’ असे वाटते.

कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी त्यांना सवयीने तो मसुदा दिला. बाईंनी तो शांतपणे पूर्ण वाचला. आमच्या अनुभवात तो पूर्ण वाचणारी ही पहिलीच व्यक्ती. मग म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, यात ‘घरीच होते’ असं छापलंय. मी घरी कुठं होते? वीस वर्षं अंगणवाडी चालवतेय. मानधन शासनच देतंय.’’

भाऊसाहेब म्हणाले, ‘‘ताई, सगळे तेच लिहितात. राहू द्या तसंच.’’

‘‘पण खोटं आढळलं तर शिक्षा, असं खालीच लिहिलंय की.’’

आम्ही तिघेही हसलो. त्यात हसण्यासारखे काय होते, हे आम्हांला अजून सांगता येत नाही. ज्या काळात ही बाई ‘घरीच’ होती त्या काळात तिने शेकडो मुलांना अक्षरओळख करून दिली, त्यांची वजने घेतली, गरोदर बायांची नोंद ठेवली, २०२० च्या साथीत घरोघर जाऊन माणसे मोजली, आणि २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ नावाच्या मोबाइलवरील व्यवस्थेत रोजची माहिती भरली. शासनाचा एक हात तिला दरमहा मानधन देत होता आणि शासनाच्याच अनुदानावर चालणारा दुसरा हात तिला ‘मी काहीच करीत नव्हते’ असे लिहून मागत होता.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव होते. आधार कार्डावर सासरचे. आपल्याकडे बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही तांदळात लिहून बदलले जाते. म्हणजे परीक्षा एका व्यक्तीने दिलेली आणि प्रवेश दुसरीच मागते आहे, अशी कागदोपत्री स्थिती. राजपत्रात नावबदल छापून आणा, असे सांगण्यात आले. विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र? लग्न दारात मांडव घालून झालेले, नोंदणी कोण करतो! मग, आपण याच महाविद्यालयात शिकत होतो याचा पुरावा आणा, असेही सांगण्यात आले. ज्या प्रवेश नोंदवहीत तो पुरावा आहे ती त्यांच्यापासून पंधरा पावलांवर, आमच्याच कपाटात होती. ती काढायची कोणी, हा प्रश्न होता.

तीन खेपांनंतर ती नोंदवही निघाली, आणि तेव्हा खरा निर्णय सांगण्यात आला : तृतीय वर्षाला प्रवेश मिळणार नाही. ज्या वार्षिक पद्धतीत त्यांनी दोन वर्षे उत्तीर्ण केली ती बंद झाली. नंतर सत्रपद्धती आली, मग श्रेयांक आले, आता नव्या धोरणाची रचना आली. बारावीच्या गुणपत्रिकेवर प्रथम वर्षापासून सुरुवात करावी. ‘‘मग दोन वर्षं पास झाले ते कुठं गेलं, सर?’’ या प्रश्नाला आम्ही ‘पॅटर्न बदलला’ असे उत्तर दिले. अर्जावर ‘अपात्र’ हा शेरा आमच्यापैकी एकाने लिहिला आणि बाकी दोघांनी त्यावर सह्या केल्या. हा लेख ‘आम्ही’ लिहितो आहोत त्याचे कारण तेच.

‘पॅटर्न बदलला’ हे उत्तर आम्ही आयुष्यात किती जणांना दिले असेल! त्यात काय म्हटले आहे हे मात्र कधी तपासले नव्हते. संगणकशास्त्राचा अभ्यास वीस वर्षांत जुना होतो, करकायद्याचा त्याहून लवकर, हे मान्य. पण २००१ साली या बाईंनी मध्ययुगीन साहित्याचा पेपर दिला होता. सातशे वर्षे टिकलेला ग्रंथ तेवीस-चोवीस वर्षांत मुदतबाह्य कसा होतो? त्या पेपरात त्यांना आज आमच्या वर्गातल्या पहिल्या पाचांना मिळत नाहीत इतके गुण होते. ते गुण खरे होते की नव्हते? खरे असतील, तर ते पुसण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? खोटे असतील, तर त्याच वर्षी, त्याच पद्धतीत पदवी मिळवून आज खुर्च्यांवर बसलेल्यांचे काय करायचे? आमच्यापैकी दोघांची पदवी त्याच पद्धतीतली आहे. ती कोणी रद्द केलेली नाही. म्हणजे पूर्ण झालेले शिक्षण जन्मभर टिकते आणि अपूर्ण राहिलेले नासते, असा हा दुधासारखा हिशेब आहे.

यावर कोणी म्हणेल की नव्या शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न सोडवलाच आहे. २०२० च्या धोरणाला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे : माणूस शिक्षण सोडतो आणि परत येतो, ही स्वाभाविक गोष्ट आहे, असे धोरणाच्या पातळीवर इतक्या स्पष्टपणे मान्य झाले. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, ही पायऱ्यांची कल्पना चांगलीच आहे. २०२१ साली त्यासाठी ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ निघाली. पण तिच्या विनियमांत श्रेयांकांचे आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षांचे धरलेले आहे. आणि २०२२ च्या पदवी आराखड्यात, मध्येच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, असे म्हटले आहे. ‘बँक’ हा शब्द योजणाऱ्यांनी बँकेचा व्यवहार तरी पाहायचा होता. आपण खऱ्या बँकेत ठेवलेले पैसे दहा वर्षे कोणी विचारले नाहीत तर ते रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होतात; पण त्यानंतरही खातेदार केव्हाही आला, तरी त्याचे पैसे त्याला परत मिळतात. पैशाच्या बाबतीत जी मर्यादा आपण पाळतो ती विद्येच्या बाबतीत पाळता येऊ नये?

तीन वर्षांची ही मुदत ठरवताना कोणाचे आयुष्य डोळ्यांपुढे होते, हे आम्हांला जाणून घ्यायचे आहे. आमच्या वर्गातली मुलगी प्रथम वर्षानंतर लग्न होऊन जाते. वर्षा-दीड वर्षात मूल. तीन वर्षे संपतात तेव्हा ते मूल अजून अंगणवाडीत जाण्याच्याही वयाचे झालेले नसते. घरात सासूसासरे, शेतात काम. तिला थोडी उसंत मिळते ती मूल दहावीच्या पुढे गेल्यावर. जो मुलगा वडील वारल्यामुळे शिक्षण सोडून दुकानात बसला, त्याला उसंत मिळते ती धाकट्या बहिणीचे लग्न झाल्यावर. माणसाच्या अडचणी तीन वर्षांच्या मुदतीत बसत नाहीत. ज्याचे बसते तो बहुधा परदेशी जाऊन आलेला, एखादा उद्योग करून पाहिलेला, घरून पाठबळ असलेला तरुण असतो. त्याच्याविषयी आमचा राग नाही, पण परतीची वाट त्याच्या मापाने बेतलेली आहे हे कोणीतरी म्हटले पाहिजे.

खरे तर याहून मोकळी वाट या देशात एकदा आखली गेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८५ साली अनौपचारिक व दूरशिक्षणाद्वारे मिळणाऱ्या पहिल्या पदवीसाठी किमान मानकांचे विनियम केले. बारा वर्षांचे शालेय शिक्षण ही अट त्यांतही होती. पण त्यापुढे एक सवलत होती : ज्याच्याजवळ आधीची कोणतीही शैक्षणिक नोंद नाही, त्याने विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण केली आणि त्या वर्षीच्या १ जुलैला त्याचे वय एकवीस वर्षांहून कमी नसले, तर त्याला प्रवेश मिळावा. या तरतुदीकडे साहित्याचा विद्यार्थी पाहतो तसे पाहावे. तिला तुमच्या भूतकाळाशी कर्तव्य नाही. तुम्ही कुठे होता, घरी होता की शेतात, असे ती विचारीत नाही. आज तुम्हांला वाचता-लिहिता-विचार करता येतो का, एवढेच ती विचारते, आणि एकवीस वर्षे जगलेल्या माणसाला काहीतरी कळत असणार असे गृहीत धरते. (तिच्यातही एक खोच आहेच. ‘नोंद नसलेल्या’ला दार उघडे, मग बारावीत एका विषयात नापास झालेल्याची नोंद तर आहे, त्याचे काय? न शिकलेल्याला प्रवेश आणि थोडे शिकलेल्याला मज्जाव, असा अर्थ निघू शकतो. नियम लिहिणाऱ्यांनी भाषेच्या माणसांना कधी मसुदा दाखवत नाहीत, त्याचा हा परिणाम.)

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बी.ए.कडे जाण्याची वाट तिथे निघाली, आणि त्या वाटेने पोलीस शिपाई, परिचारिका, कंडक्टर, गृहिणी अशी माणसे पदवीपर्यंत पोहोचली. रविवारी आमच्याच इमारतीत भरणाऱ्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून आम्ही त्यांना शिकवले आहे. पुढे २००९ साली अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ चे विनियम मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक आहेत असा निर्णय दिला. त्या प्रकरणातला मूळ प्रश्न, पहिली पदवी नसताना मुक्त पद्धतीने मिळवलेली पदव्युत्तर पदवी सरकारी पदासाठी चालेल काय, हा होता. न्यायालयाच्या उत्तराशी आमचे भांडण नाही. पण त्यानंतर कचेऱ्यांतून जो सूर निघाला तो निराळाच होता : मुक्त म्हणजे संशयास्पद. न्यायालयाने ज्या विनियमांकडे बोट दाखवले त्यांच्यात एकवीस वर्षांच्या माणसासाठी दार होते, याची आठवण फारशी कोणी काढली नाही.

आता ‘दर्जा’. हा शब्द आला की आम्हां प्राध्यापकांचा आवाज आपोआप खाली उतरतो आणि गंभीर होतो. कोणालाही घेतले तर दर्जाचे काय होईल? ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ पासून तिथे प्रवेशासाठी कोणतीही पूर्वपात्रता न मागता विद्यार्थी घेतले गेले. दर्जाची कसोटी त्यांनी बाहेर पडण्याच्या दारावर ठेवली, आत येण्याच्या दारावर नव्हे. पण इतके दूर तरी कशाला जायचे? आमच्या महाविद्यालयात बी.ए.च्या प्रथम वर्षाला बारावी कशीबशी उत्तीर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो, आणि तरी जागा रिकाम्या राहतात. दर जूनमध्ये आम्ही मराठीचे अध्यापक मोटारसायकली काढून वाड्यावस्त्यांवर फिरतो. कनिष्ठ महाविद्यालयांतून याद्या मिळवून मुलांच्या घरी जातो, ‘बी.ए.ला ये, मराठी घे’ म्हणून विनवतो. तुकडी टिकली नाही तर कार्यभार जातो, कार्यभार गेला तर जागा जाते. हे सांगताना लाज वाटते, पण हे आहे. ज्या दारावर आम्ही दर्जाचा पहारा करतो त्यातून आत यायला मुले फारशी राजी नाहीत. आणि आपण होऊन, पायी चालत, गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जी बाई येते तिला आम्ही अपात्र ठरवतो. यात दर्जा कुठे राखला गेला?

सभासंमेलनांत अशा वेळी एक युक्तिवाद हमखास टाळ्या घेतो. चौथी-सातवीपर्यंत शिकलेले नारायण सुर्वे, अक्षरशत्रू बहिणाबाई, शाळेची नीट ओळखही न झालेले अण्णाभाऊ साठे हे आपल्या अभ्यासक्रमात आहेत. त्यांच्यावर प्रबंध होतात. पण त्यांना आपल्या वर्गात विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नसता. आम्हीही हे व्यासपीठावरून बोललो आहोत. आता मात्र तो युक्तिवाद आम्हांला खोटा वाटू लागला आहे. सुर्वे, बहिणाबाई, अण्णाभाऊ यांना आमच्या प्रवेशाची गरजच नव्हती. गिरणीत, शेतात, चाळीत त्यांनी जे मिळवले ते आमच्या पदवीपेक्षा मोठे होते. त्यांची नावे घेऊन आपण प्रतिभेचा गौरव करतो आणि सामान्य माणसाचा प्रश्न टाळतो. खिडकीशी उभी असलेली बाई प्रतिभावंत नाही. ती कवयित्री नाही, तिच्यावर कोणी प्रबंध लिहिणार नाही. तिला पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे आणि राहिलेले पुरे करायचे आहे. पदवीची गरज नेमकी अशाच माणसांना असते.

सामान्य माणसाच्या शिकण्याचे कौतुक आम्हांला नाही असेही नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली ‘आजीबाईंची शाळा’ निघाली. गुलाबी नऊवारी नेसलेल्या, पाठीला दप्तर लावलेल्या आज्या वर्तमानपत्रांत सर्वांनी पाहिल्या. चांगलेच झाले. पण सत्तरीत मुळाक्षरे गिरवणारी आजी आपल्याला गोड वाटते, कारण ती आपल्याकडे काही मागत नाही. पंचेचाळिशीतली बाई तृतीय वर्षाचा प्रवेश मागते, त्याच्या आधारे पुढे पद आणि पगार मागणार असते. तिचे छायाचित्र कोणी छापत नाही. आणि ज्यांना इतिहास हवा असेल त्यांनी हेही आठवावे की, पंडिता रमाबाईंचे १८८९ चे शारदा सदन किंवा कर्व्यांचा १८९६ चा आश्रम यांतून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा जो प्रवाह निघाला, त्याच्या उगमाशी अशाच, आयुष्यात खंड पडलेल्या स्त्रिया होत्या.

नियमांना सवलत देता येत नाही, असे कोणी म्हणू लागले की आम्ही अलीकडच्या दोन गोष्टी पुढे करतो. २०२२ साली आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने एक नवी वाट काढली : आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पात्रतेची अट न घालता महाविद्यालयात शिकवता येईल. म्हणजे पदवी नसताना वर्गात शिकवायला येता येते. शिकायला येण्यासाठी मात्र राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि न संपलेली मुदत लागते! एका तरुणाला दोन पदव्या एकदम चालतात, आणि एका बाईला राहिलेली एक तृतीयांश पदवी चालत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची भाषा आहे. तो आराखडा आणि आमच्या टेबलावरचा मसुदा एकाच देशातले आहेत, यावर विश्वास बसत नाही. आराखडा ज्याला ‘अनुभव’ म्हणतो त्यालाच मसुदा ‘खंड’ म्हणतो.

‘‘तुम्ही मुक्तला का जात नाही?’’ हे वाक्य आम्ही त्या बाईंनाही ऐकवले होते. सल्ला वाईट नाही, आणि मुक्त विद्यापीठाचे ऋण आम्ही वर मान्य केलेच आहे. पण नियमित महाविद्यालये जेव्हा प्रत्येक अडचणीच्या माणसाला तिकडे पाठवतात, तेव्हा ती मुक्त विद्यापीठाचा मान वाढवीत नाहीत. आपले अंगण झाडून कचरा पलीकडे लोटावा तसे करतात. त्या बाई म्हणाल्या होत्या, ‘‘पुस्तकं तर मी घरीही वाचते, सर. मला वर्गात बसायचं होतं.’’ वर्गात बसण्याची इच्छा ही आता इतकी दुर्मीळ झाली आहे की, ती कोणी बोलून दाखवली तर अध्यापकाने उठून उभे राहावे. त्यांना तीन वाजेपर्यंत अंगणवाडी असते आणि आमचे तास साडेअकराला संपतात, ही अडचण खरी. पण बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. विद्यार्थ्याचा दिवस पाहून वेळापत्रक ठरवता येते. तसे करायचे नसते एवढेच.

शालान्त परीक्षांच्या बाबतीत आपले राज्य मंडळ अधिक उदार आहे. ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावी-बारावीला बसलेली माणसे प्रत्येक गावात सापडतील. त्या फॉर्मला शाळेत हजर असल्याचा पुरावा लागत नाही. त्याचे नाव घेताना लोकांच्या चेहऱ्यावर एक खट्याळ आदर दिसतो. पदवीला असा फॉर्म का नसावा? एकवीस वर्षांवरील कोणालाही प्रवेशपरीक्षा देऊन बी.ए.ला बसू द्यावे. ज्याने जी वर्षे उत्तीर्ण केली आहेत ती त्याच्या नावावर कायमची राहावीत, आणि जुन्या-नव्या अभ्यासक्रमांतला फरक एखाददुसऱ्या पूरक पेपरने भरून घ्यावा. हे काम अभ्यासमंडळांचे आहे आणि त्यांत आमच्यासारखीच माणसे बसतात, तेव्हा ‘वरून आदेश नाही’ हे कारण आम्हांला वापरता येणार नाही. महाविद्यालयाच्या कपाटात असलेला पुरावा महाविद्यालयानेच काढावा. नाव बदलले असेल तर जुन्या आणि नव्या नावाची एकच व्यक्ती आहे, असे गावच्या ग्रामसेवकाने लिहून दिलेले पुरे व्हावे. आणि ते प्रतिज्ञापत्र, निदान पंचवीस वर्षांवरील माणसासाठी, सरळ बंद करावे. ज्यांना मागायचेच असेल त्यांनी कोरा कागद द्यावा आणि ‘या काळात आपण काय केले ते लिहा’ असे म्हणावे. मराठी विषयाच्या प्रवेशासाठी त्याहून चांगली परीक्षा आम्हांला तरी सुचत नाही.

यातले काही आमच्या हातात आहे, काही नाही. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी आम्ही एक प्रस्ताव लिहिला आहे. त्यात बाईंचे नाव नाही, त्यांची दोन वर्षे मात्र गुणांसह आहेत. गुणपत्रिकांच्या मूळ प्रती त्या परत घेऊन गेल्या. छायाप्रती विभागाच्या कपाटात आहेत, आणि त्यांच्यासोबत तो मसुदाही, न भरलेला. ‘मी घरीच होते’ या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढले आहे. उत्तरपत्रिका तपासताना आम्ही काढतो, तसेच.